लेण्यांचा प्रश्न

भारती,

तुझ्या बाराव्याला मी जेवले नाही, म्हणून तुझी आय माझ्यावर रागावली आहे. आधी ते सांगून टाकते. पान मांडलेलं होतं, वरणभात वाढून झाला होता, आणि माझ्या शेजारी बसलेला तुझा भाऊ समोरच्या पाहुण्याला सांगत होता, "ताई त्या एका पेपरात नापास झाली म्हणून, नाहीतर आज कुठच्या कुठे असती." पाहुणा म्हणाला, "नशीब, दुसरं काय." मी पानावरून उठले, हात धुतले, चप्पल घातली आणि बाळकुम नाक्यापर्यंत चालत आले. तिथे रिक्षा मिळत होती, तरी बसले नाही. आणखी बरंच चालले.

तो पेपर कुठला, त्यात काय झालं, हे त्या मांडवात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं मला वाटत होतं.

तुझ्या आजारपणाबद्दल मी लिहीत नाही. ते सगळ्यांनी बघितलंय. कॉलेजचं लिहिते, कारण त्या वर्षातलं बघणारी आता मी एकटी उरलेय.

ठाण्यातलं आपलं कॉलेज म्हणजे मंगल कार्यालयाच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. खाली लग्न असलं की जिन्यात मसालेभाताचा वास आणि वर्गात सनई. फाउंडेशनच्या वर्षाला आपण तेवीस जण होतो आणि बसायला बावीस डाँक्या. एका टोकाला बोर्ड उभा करायचा आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यासारखं बसायचं, त्या लाकडी बाकाला डाँकी का म्हणतात हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. मी कोपरहून डोंबिवली स्टेशनपर्यंत चालत यायचे, तिथून गाडी, त्यामुळे उशीर झालेला. तू बाळकुमहून आलेलीस, आईला बाजारात मासळीच्या टोपल्या उतरवून देऊन, म्हणून तुलाही उशीर. एकच डाँकी उरलेली. तू म्हणालीस, "तू बस. मी खालीच बसते, मला सवय आहे." मग आपण दोघीही खाली बसलो आणि डाँकी मध्ये टेबलासारखी ठेवली.

त्याच दिवशी दोन मुलींनी आपली जागा बदलली. मला वाटलं माझं आडनाव ऐकून. तुला वाटलं तुझ्या हाताला येणाऱ्या वासामुळे. तू दुपारी मला विचारलंस, "तुला येतो का गं वास?" मी म्हटलं, "येतो." तू म्हणालीस, "लिंबू लावते मी रोज. तरी येतो?" मी म्हटलं, "लिंबाचाच येतो." तेव्हा पहिल्यांदा हसलीस तू.

मी वाईट काढायचे. हे आता सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. शाळेत रांगोळी आणि फळ्यावरचे सुविचार या जोरावर मला चित्रकार म्हणत होते. पहिल्या महिन्यात बरणी, तांब्या आणि मागे लोंबणारं कापड असा ग्रुप चित्र काढायला मांडून ठेवला, आणि माझा तांब्या पडायला आलेला. तू माझ्या मागे उभी राहून बघत होतीस. "पेन्सिल किती दाबतेस? कागदावर कुणी चोर बसलाय काय?" मी म्हटलं, खोडायला लागू नये म्हणून नीट काढतेय. "मग खोड की. खोडरबर कशाला आणलंय?" आमच्या घरात खोडणं हा प्रकार नव्हता. वडील अंबरनाथला कारखान्यात. वह्या मोजून आणायचे, आणि पहिल्या फटक्यात बरोबर यायला हवं असं त्यांचं म्हणणं. "आपल्याला दुसरी संधी कुणी देत नाही, शैला. आपल्या माणसाने पेपरात चान्स घ्यायचा नसतो." हे वाक्य मी तुला सांगितलेलं. तू म्हणालीस, "हा काय पेपर आहे? तांब्या आहे."

तुझा हात वेगळाच होता. वर्गातले सगळे तुझ्या बोर्डाभोवती जमायचे, जागा बदललेल्या त्या दोघीसुद्धा. पण कलेच्या इतिहासाचा तास लागला की तू मान खाली घालायचीस. दामले सर पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे, मनाने चांगले. खिडक्यांना काळे पडदे लावून स्लाइड दाखवायचे, मग पडदे काढून नोट्स सांगायचे. "लिहा. अमुक शैलीची वैशिष्ट्ये. एक." आपण लिहायचो. मी जसंच्या तसं उतरवून घ्यायचे, विरामचिन्हांसकट. तू पहिल्या दोन ओळी लिहायचीस, मग समासात सरांची चप्पल काढायचीस. म्हणून आपलं ठरलं, तू मला ड्रॉइंग शिकवायचं आणि मी तुला इतिहास.

मासळीच्या चित्राचा दिवस मी माझ्या विद्यार्थ्यांना अजून सांगते. युरोपातलं जुनं चित्र होतं. टेबलावर पांढरा कपडा, लिंबू, काचेचा पेला आणि ताटात एक मोठा मासा. सर सांगत होते, मासा कशाचं प्रतीक, लिंबू कशाचं, पेला कशाचं. खाली कुणाचं तरी लग्न लागत होतं. अंधारात तू म्हणालीस, "सर, हा मासा शिळा आहे."

वर्ग हसला. सर म्हणाले, "काय म्हणालात?"

"डोळा बसलाय त्याचा. कल्ल्याजवळ बघा, लाली गेलीय. परवाचा असणार. पण लिंबू ताजं आहे. म्हणजे मासा आधी आणला आणि लिंबू नंतर. चित्र काढायला दोन-तीन दिवस लागले असतील आणि तेवढ्यात मासा उतरला."

सर प्रोजेक्टरजवळून पडद्यापाशी चालत गेले. अगदी जवळ जाऊन बघितलं, इतकं जवळ की माशाचं शेपूट त्यांच्या शर्टावर आलं. मग म्हणाले, "मी हे चित्र अकरा वर्षं शिकवतोय." प्रोजेक्टरकडे परत आले. "बसा. छान. पण हे परीक्षेत लिहू नका हं. परीक्षेत प्रतीकं लिहा."

तू खूश होतीस त्या दिवशी. जिना उतरताना म्हणालीस, "मला वाटलेलं इतिहास म्हणजे सनावळ्या. हे तर बाजारात बसून गिऱ्हाईक बघण्यासारखं आहे." त्यानंतर तू इतिहासाच्या तासाला मान वर ठेवून बसू लागलीस. नोट्स मात्र लिहून घेईनाशी झालीस, कारण लिहिताना बघणं होत नाही म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर लोनाडला घेऊन गेले. कल्याणहून एस.टी. आणि पुढे बांधाबांधाने चालत. लेणं लहानसंच आहे. आत शेंदूर लावलेली देवी, कोनाड्यात दिवे, भिंतीवर तेलाची काजळी, आणि एका बाजूला कोरलेला दरबार, राजा, राणी, दासदासी. माझ्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर. आई रोज तिच्यापुढे बसते. लेणी म्हटलं की आमच्याकडे लोक चप्पल काढून, हात जोडून जातात. मी आत गेले आणि बघितलं की विहाराच्या भिंतीला शेंदराची बोटं पुसलीत. मला रडू आलं. मी म्हटलं, "हे बुद्धाचं आहे. इथे हे कुणी आणून बसवलं?"

तू म्हणालीस, "आमची आय येते इथे देवीला. माझ्या भावाच्या वेळी नवस केलेला."

"देवी नंतरची आहे."

"असेल. पण येतं कोण रोज? दिवा लावायला ह्या बायकाच येतात ना? त्या येतात म्हणून हे झाडून पुसून आहे, नाहीतर कधीच गुरं बांधली असती."

"काजळीने सगळं काळं केलंय."

"काळं केलंय पण राखलंय."

मग आवाज चढले. तू म्हणालीस तुला प्रत्येक गोष्टीत आपलं-परकं दिसतं. मी म्हटलं तुला दिसत नाही कारण तुला कुणी देवळाबाहेर उभं केलेलं नाही. सर मध्ये आले आणि त्यांनी सांगितलं की हे कोणत्या काळातलं आहे, कोणत्या पद्धतीचं आहे, आणि दगड कुठला आहे. आपण दोघीही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचं काही चुकीचं नव्हतं.

त्यानंतर तू त्या कोरलेल्या दरबारासमोर तासभर बसलीस. मी लांबून बघत होते, रागात. निघायच्या वेळी तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ये इकडे. ही बघ." अगदी कडेला एक दासी होती, वरवर बघितलं तर दिसणारही नाही अशी. "हिचा खांदा बघ कसा चेपलाय. कोरणाऱ्याने राजा-राणीला ऐसपैस बसवलं आणि शेवटी हिच्यासाठी जागाच उरली नाही. मग त्याने हिला अंग चोरून उभी केली. पण काढली. गाळली नाही." मी बघितलं. खरंच तसं होतं. तरी कल्याण येईपर्यंत आपण एस.टी.त वेगवेगळ्या बाकांवर बसलो. ते भांडण कधी मिटलं नाही. पुढे वर्षभराने वगैरे ते आपण पुन्हा काढायचो, कधी थट्टेत, कधी खरोखर. शेवटच्या वेळी काढलं तेव्हा तू म्हणालीस, "देवळाबाहेरचं तू बोललीस ना, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. पण काजळीचं माझं बरोबर होतं." मी म्हटलं, काजळीचं तुझं चूक होतं. अजून म्हणते.

आता परीक्षेचं.

इतिहासाचा पेपर शेवटचा होता. लेण्यांचा प्रश्न दरवर्षी यायचाच, पंधरा मार्कांचा. मी तुला आदल्या आठवड्यात पाचही वैशिष्ट्यं पाठ करायला लावलेली. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून तू ती घोकायचीस आणि चौथ्यावर अडकायचीस. पेपरच्या दिवशी सकाळी हॉलच्या बाहेर तू मला बाजूला घेतलंस.

"शैला, ते पाच मुद्दे माझ्या डोक्यात राहत नाहीत. मी लोनाडचं लिहू का? आपण बघितलं ते? दासीचा खांदा, काजळी, बायका कुठे बसतात, उजेड कुठून येतो, ते सगळं?"

सरांनी काय सांगितलेलं ते मला आठवत होतं. तुलाही आठवत होतं, म्हणून तर विचारत होतीस. मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. "लिही बिनधास्त. मी पण तेच लिहिणार आहे."

खोटं बोलत नव्हते मी तेव्हा. आदल्या संध्याकाळी मला खरंच वाटत होतं की लिहावं. तुझ्यासारखं बघता येत नसलं तरी तुझ्याबरोबर उभं राहून मी ते बघितलेलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आत गेलो, पेपर हातात आला, तिसरा प्रश्न लेण्यांचा. मी पेन उचललं आणि लिहिलं, "वैशिष्ट्ये. एक." मग दोन. मग तीन. हात थांबला नाही. वडिलांचं वाक्य डोक्यात होतं असंही नाही, ते हातातच होतं. पाचवा मुद्दा लिहून झाल्यावर मी मागे वळून बघितलं. तू मान खाली घालून लिहीत होतीस, आणि तुझ्या ओठांच्या कडेला हसू होतं. तू चार पुरवण्या घेतल्यास. नंतर कळलं की त्या एका प्रश्नातच तुझा दीड तास गेला आणि शेवटचे दोन प्रश्न राहून गेले.

त्या वेळी मला उठून तुला सांगता आलं नसतं. पण बाहेर आल्यावर सांगता आलं असतं. तू धावत आलीस आणि म्हणालीस, "मज्जा आली गं! पहिल्यांदा पेपर लिहिताना मज्जा आली." त्यावर मी काय सांगणार होते?

निकाल लागला तेव्हा तू ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली होतीस, डिझाइनमध्ये दुसरी, आणि इतिहासात नापास. मला इतिहासात वर्गात सगळ्यात जास्त. एका विषयात राहिलं की पुढच्या वर्गात प्रवेश नाही, असा नियम. दामले सर ऑफिसात जाऊन भांडले, पेपर बाहेर तपासायला गेलेला, त्यांच्या हातात काही नव्हतं. आपण दोघी निकालाचे कागद घेऊन तलावावर आलो. तू विचारलंस, "तू पण तेच लिहिलंस ना?"

मी म्हटलं, "हो. तपासणारे वेगळे असतील."

तू म्हणालीस, "असतील." मग उठून शेंगदाणे घेऊन आलीस, आणि पुडी मध्ये ठेवलीस.

तू परत परीक्षेला बसली नाहीस. तुझ्या वडिलांचं म्हणणं, एक वर्ष गेलं ते पुरे. तू आर्ट टीचरचा डिप्लोमा केलास, कळव्याच्या शाळेत लागलीस, मोरेश्वर भाऊजींशी लग्न झालं. मी पुढची चार वर्षं कॉलेजात काढली, मग जाहिरातींच्या एका स्टुडिओत कागद कापून चिकटवत बसले. कॉम्प्युटर आला तसा तो चिकटवण्याचा धंदाच संपला, आणि मी कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. काय शिकवायला? कलेचा इतिहास. हे तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की तुझ्या हातातला चहा सांडला.

या सगळ्या वर्षांत मी तुला एका गोष्टीवरून छळलं, ते कबूल करते. प्रदर्शन कर, प्रदर्शन कर. मी हॉल बघून ठेवायचे, फ्रेमवाला ठरवायचे. तू शाळेतून आलीस की खाडीकडे जाऊन काढायचीस, होड्या नाही, चिखल. ओहोटीला उरलेला चिखल, त्यात उमटलेले पाय, बगळ्यांचे आणि माणसांचे. शंभरेक चित्रं असतील. मी म्हणायचे, हे लोकांनी बघायला हवं. एकदा तू वैतागून म्हणालीस, "तुला माझं प्रदर्शन कशाला हवंय गं? मला नकोय, तर तुला का हवंय?"

"कारण तुझं नुकसान झालं."

"कुणी सांगितलं? मी शाळेत शिकवते म्हणजे काय खड्ड्यात पडलेय? माझ्याकडे वर्गात साठ पोरं आहेत. साठांतल्या चौघांना मी बघायला शिकवते. तुझ्या कॉलेजात किती शिकतात?"

साठांतले चार हे प्रमाण माझ्यापेक्षा चांगलंच होतं. तुझी शाळेतली पोरं मी बघितलीत. तुझ्या वर्गात एकदा आलेले तेव्हा तू त्यांना सांगत होतीस, आईचा हात काढून आणा, चेहरा नको, फक्त हात, आणि हात काय काम करतो ते न सांगता मला कळलं पाहिजे. साठ हात भिंतीवर लावलेले. एक पोळ्या लाटणारा, एक मशीनवर कापड सरकवणारा, एक नुसताच उशीवर पडलेला. त्या शेवटच्या हातापाशी तू थांबलीस आणि त्या मुलीला वर्गाबाहेर नेऊन काहीतरी बोललीस. काय ते मला कधी सांगितलं नाहीस.

आणि मी माझ्या वर्गात काय करते ते तुला माहीत आहे. आधी नोट्स देते, कारण परीक्षा अजून तशीच आहे. मग सांगते, आता पेनं खाली ठेवा आणि बघा. तू म्हणायचीस, उलट कर, आधी बघायला लाव. मी म्हणायचे, आधी पास होऊ देत. तेही भांडण राहिलं.

हॉस्पिटलमध्ये मी तीनदा आले. तीनही वेळा सांगायचं ठरवून आले होते. तिसऱ्या वेळी दुपार होती, भाऊजी जेवायला घरी गेलेले, शेजारचा पलंग रिकामा. तू मुलांच्या ड्रॉइंगच्या वह्या तपासत होतीस, उशीला टेकून. डोळे पिवळे झालेले. मी स्टूल ओढून बसले. तू वहीतून मान वर न काढता म्हणालीस, "काय बोलायचंय तुला? आल्यापासून तोंड उघडतेयस नि मिटतेयस."

"काही नाही."

"मग ही वही धर. हिने नारळाच्या झाडाला फांद्या काढल्यात. हिला बोलू तरी काय?"

मी वही धरली. आपण त्या फांद्यांवर पाऊण तास बोललो. तू म्हणालीस, हिने झाड बघितलेलं नाही, पुस्तकातलं चित्र बघितलंय, आणि तेही धड नाही. मी म्हटलं, चुकीचं आहे म्हणून कापायचे का मार्क? तू म्हणालीस, "मार्क नाही कापणार. झाडाखाली नेऊन उभी करणार तिला. बरी झाले की." मग भाऊजी डबा घेऊन आले. मी निघाले.

काल मी बाळकुमला आले होते. दुपारी, सगळे कामाला गेल्यावर. तुमच्या घराच्या मागच्या बाजूला आता सहा मजली बिल्डिंग उभी राहतेय, ओटीवर सगळी सिमेंटची धूळ. तुझी आय सुकट निवडत बसलेली. मला बघून म्हणाली, "आयलीस? जेवून आयलीस का उपाशीच?" मी म्हटलं, जेवून आलेय. "त्या दिशी पानावरून उठलीस ती उठलीस. अशी कोन उठतं?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. हॉलच्या बाहेर तू काय विचारलंस, मी काय म्हणाले, आत जाऊन मी काय केलं, तलावावर खोटं कसं बोलले. सलग सांगितलं, कुठेही स्वतःला सोडवलं नाही. सांगताना मला वाटत होतं की ती सूप बाजूला ठेवेल, ओरडेल, निदान रडेल. तिची बोटं चालूच होती. झाल्यावर म्हणाली, "तिना म्हाईत व्हतं."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय माहीत होतं?"

"ह्येच. निकाल लागला त्याच दिशी घरी येऊन बोल्ली. आय, शैला बोलते तिनं पन त्येच लिवलं. मंग ती पास कशी झाली?"

मी सुपातली एक काडी उचलली.

"मी बोल्ली, मंग तिना विचार की सरल. तर बोल्ली, नको गो. तिचा बाप लई कडक हाय." तिने सुपातला कचरा ओटीखाली टाकला. "चाय ठेवू?"

इतकं साधं होतं ते. दोघींनी एकच उत्तर लिहिलं असतं, तर एक पहिली आणि एक नापास कशी होणार? निकालाचे दोन्ही कागद आपल्या हातात होते. तू माझ्याकडे बघत होतीस. आणि मी तपासणारे वेगळे असतील म्हणाले, आणि तू शेंगदाणे आणायला गेलीस. मी इतकी वर्षं जे लपवत होते, ते तुझ्यासमोर पहिल्या दिवसापासून उघडं पडलेलं होतं. तू लग्नाला बोलावलंस, मूल राहिलं नाही तेव्हा पहिला फोन मला केलास, माझे वडील गेले तेव्हा कोपरला येऊन चार दिवस राहिलीस, आणि या सगळ्यात एकदाही ते तोंडावर आणलं नाहीस. प्रदर्शनावरून मी तुला छळत होते, तेव्हाही तुला कळत होतं की मला ते का हवंय. "तुला का हवंय?" असं विचारलंस तेव्हा तू उत्तर ऐकायला थांबली होतीस. मला आठवतंय, चांगली थांबली होतीस.

कालपासून एकच विचार चाललाय. तलावावर तुला उत्तर माहीत होतं, मग विचारलंस कशाला? मी खरं बोलते का ते बघायला? की नुसतं विचारायचं म्हणून? आय म्हणते, "ती अशीच व्हती, तू नको इचार करू." मला ते पटत नाही. तू उगाच काही विचारत नव्हतीस. यावर आपण भांडलो असतो, आणि मला यातलं एकही भांडण इतकं हवं नव्हतं जितकं हे हवं होतं.

चहा घेतला मी काल. आयने चिखलाची चित्रं दाखवली, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलीत. भाऊजी म्हणतात, तुझ्या शाळेला द्यायची, तूच तसं सांगून ठेवलंयस. हॉल नाही, फ्रेम नाही, जिन्याच्या भिंतीवर लावायची, पोरांच्या उंचीला. मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात जाऊन लावून येणार आहे.

आणि तलावावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर.

नाही, भारती. मी ते लिहिलं नव्हतं.